माणसांचा शुगर सेन्सर आमच्या चिंगीला लावला, त्याचे एकवीस दिवस

कराडला आमचं औषधांचं दुकान आहे. दंडावर चिकटवायचा चौदा दिवसांचा शुगर सेन्सर मी स्वतः विकते, म्हणून इथे कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की ती जाहिरात होते, आणि मला जाहिरात करायची नाही. आमच्या नऊ वर्षांच्या कुत्रीला, चिंगीला, मी हा सेन्सर दोनदा लावला. एक नऊ दिवस टिकला, दुसरा बारा. त्या एकवीस दिवसांत जे बघितलं ते घरात मधुमेही कुत्री असलेल्या माणसांपर्यंत पोचावं, एवढ्यासाठी हे लिहितेय.

वस्तू अगदी लहान आहे. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठी पांढरी चकती आणि तिच्या पोटातून निघालेली केसासारखी बारीक, लवचिक तार. सोबत एक ठोकळा येतो. तो कातडीवर ठेवून दाबला की ठप्पा मारल्यासारखा आवाज होतो, तार आत जाते आणि चकती वर चिकटून राहते. ही तार रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखाली पेशींच्या मधे जो द्रव असतो त्यातली मोजते. म्हणून रक्तापेक्षा आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो, आणि शुगर वेगाने वर-खाली होत असली की हा फरक जाणवतो. लावल्यावर पहिला तास काहीच दिसत नाही. मग फोन जवळ नेला की आकडा, बाण आणि मागच्या आठ तासांची रेघ. आठ तासांपेक्षा जुनं ती चकती साठवत नाही, त्यामुळे रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर फोन लावायचा चुकवायचा नाही.

चिंगी अर्धी लॅब, अर्धी गावठी. वजन बावीस किलो. तिची गर्भपिशवी काढली नव्हती. आमच्याकडे कुणी सांगितलं नाही असं नाही, डॉक्टर दरवर्षी रेबीजच्या इंजेक्शनाच्या वेळी सांगायचे. आम्हीच पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलो. जानेवारीत ती हीटवर, म्हणजे माजावर आली, नेहमीसारखीच. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की तिचं पाण्याचं भांडं मी दिवसातून चार वेळा भरतेय. रात्री दोनला उठून दाराशी जायची. खाणं वाढलेलं आणि पाठीचे मणके हाताला लागायला लागलेले. दुकानात माणसांमध्ये ही तीन लक्षणं रोज ऐकते, तरी घरच्या कुत्रीमध्ये ओळखायला मला दहा दिवस लागले. शुगर काढली, ४१२ आली. निरोगी कुत्र्याची साधारण ८० ते १२० असते.

पहिल्या ठिकाणी इन्सुलिन सुरू झालं, दिवसातून दोनदा सहा युनिट. फरक नाही म्हणून दहा. मग चौदा, मग वीस. भात बंद केला, बिस्किट बंद केलं. दोन आठवड्यांनी सव्वीस युनिटवर आलो आणि शुगर तशीच चारशेच्या घरात. मला सांगण्यात आलं की घरात कुणीतरी लपून खायला घालतंय. आमचे हे त्या संध्याकाळी घरी येऊन गप्प बसून राहिले, कारण चिंगीला चपातीचा तुकडा द्यायची सवय त्यांचीच, आणि ती त्यांनी पहिल्याच दिवशी सोडली होती.

माझी पहिली शंका दुकानदाराची होती. सिरिंज चुकली का? आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट असलेलं येतं, त्याला लाल टोपीची सिरिंज लागते. १०० च्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपीची. ४० च्या बाटलीतून केशरी टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर पोटात चारच युनिट जातात. गिऱ्हाइकांची ही चूक मी कितीतरी वेळा पकडली आहे. पण आमची सिरिंज बरोबर होती. बाटली खराब झाली का, म्हणून नवी फोडली. हलवताना फेसाळलं का, म्हणून दोन्ही तळव्यांत धरून हळू फिरवलेली बाटली मुलाला दाखवून खात्री करून घेतली. सगळं बरोबर, आणि शुगर उतरायला तयार नाही.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला, "ताई, ही हीटवर कधी आली होती?" तोपर्यंत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर आठवडे मोजले आणि म्हणाले, "मग हिला खायला कोण घालतंय ते मला माहितेय. हिचे अंडाशय."

त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. कुत्रीची पाळी बाईसारखी महिन्याची नसते. साधारण वर्षातून दोनदा ती हीटवर येते. सुरुवातीच्या दिवसांत, रक्त जात असतं तेव्हा, इस्ट्रोजेन चढतं आणि थोड्या दिवसांत उतरतं. त्यानंतर प्रोजेस्टेरॉनचा अंमल येतो आणि तो जवळपास दोन महिने टिकतो. कुत्रा लागला असो वा नसो, पिल्लं असोत वा नसोत, शरीर दोन महिने गाभण असल्यासारखंच वागतं. आणि कुत्रीमध्ये हे प्रोजेस्टेरॉन स्तनांच्या ग्रंथींना ग्रोथ हार्मोन तयार करायला लावतं. आपल्याला वाटतं ग्रोथ हार्मोन फक्त मेंदूखालच्या पिट्यूटरीतून येतं. कुत्रीमध्ये ते स्तनांतूनही रक्तात उतरतं, हे नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या पशुवैद्यकांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं. ग्रोथ हार्मोन इन्सुलिनच्या थेट विरोधात काम करतं. ही गोष्ट त्याच्याही कितीतरी आधीपासून माहीत होती, आणि तीही कुत्र्यांमुळेच. अर्जेंटिनाच्या बर्नार्दो हुसाय यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांची पिट्यूटरीही काढली तेव्हा त्यांचा मधुमेह सौम्य झाला. त्या कामाला १९४७ चं नोबेल मिळालं.

म्हणजे मी सव्वीस युनिट टोचत होते आणि चिंगीच्या स्वतःच्या अंगातून त्याला उलटा धक्का बसत होता.

इलाज एकच, पिशवी आणि अंडाशय दोन्ही काढायचे, आणि लवकर काढायचे, म्हणजे स्वादुपिंडात इन्सुलिन करणाऱ्या ज्या पेशी उरल्या असतील त्या वाचतील. इथे मी अडले, आणि अडले ती माझ्या स्वतःच्या शरीरामुळे. माझी पाळी जाऊन चार वर्षं झाली. त्याआधी माझी शुगर कधी बिघडली नव्हती. पाळी गेली, पोटावर चरबी आली आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारं एचबीए१सी ६.१ वर गेलं. दुकानात येणाऱ्या पन्नाशीच्या कितीतरी बायकांचं हेच बघते. इस्ट्रोजेन असतं तोवर ते इन्सुलिनला साथ देतं. स्नायू रक्तातली साखर नीट उचलतात आणि लिव्हर नको तेव्हा साखर सोडत नाही. माद्या उंदरांचे अंडाशय काढले की त्यांचं इन्सुलिन बोथट होतं, विशेषतः तेलकट खाणं दिलं तर, आणि बेताच्या मात्रेत इस्ट्रोजेन परत दिलं की सुधारतं. ज्या उंदरांत इस्ट्रोजेन पकडणारा अल्फा रिसेप्टरच नाही ते लठ्ठ होतात आणि त्यांच्यावर इन्सुलिन चालेनासं होतं, हे २००० मध्ये दिसलं. मात्रा मात्र बेताचीच हवी, फार चढवली तर तेच इस्ट्रोजेन उलटं वागतं. हे सगळं वाचल्यावर मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "अंडाशय काढले की इस्ट्रोजेनही जाणार. मग माझं झालं तसं हिचं नाही का होणार?"

डॉक्टर हसले नाहीत, मला ते फार बरं वाटलं. म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे ताई, पण हिशोब वेगळा आहे. बाईला इस्ट्रोजेनचा आधार महिन्याच्या महिन्याला मिळतो. हिला तो वर्षातून दोनदा, थोडे दिवस. आणि त्याच्या पाठोपाठ दोन-दोन महिने प्रोजेस्टेरॉन. आपण थोडंसं चांगलं गमावतोय आणि खूप सारं वाईट काढतोय. वजन मात्र सांभाळावं लागेल, ऑपरेशननंतर त्या जाड होतात." मग त्यांनीच सेन्सरचं सुचवलं. म्हणाले, विश्वास ठेवू नका, रेघ बघा.

कुत्र्यांमध्ये हा सेन्सर चालतो याचा अभ्यास झालेला आहे, पण खोक्यावर तो माणसांसाठी म्हणूनच छापलेला असतो. जनावरांच्या डॉक्टरांना बरोबर घेतल्याशिवाय लावू नका. आम्ही मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मधोमध थोड्या वर जागा निवडली, कारण तिथे तिचा पाय पोचत नाही. केस मशीनने काढले. स्पिरिट लावलं आणि पूर्ण वाळू दिलं. हे वाळू देणं महत्त्वाचं आहे, ओल्या कातडीवर चकती दोन दिवसांत उचकटते. डॉक्टरांनी चकतीच्या कडेला जखम चिकटवायच्या गोंदाचे चार थेंब टाकले. ठप्पा बसला तेव्हा चिंगीने फक्त कान हलवला. कानातून रक्त काढताना ती माझ्याकडे ज्या नजरेने बघायची त्यापुढे हे काहीच नव्हतं. वर मुलाचा जुना बनियन घातला, बाह्यांतून पुढचे पाय काढून.

पहिले नऊ दिवस मी एक आडवी रेघ बघितली. सकाळी सातला खाणं आणि इन्सुलिन, संध्याकाळी सातला पुन्हा, आणि मधे ३६० ते ४५० यांच्यामधून संथपणे जाणारी रेघ. सव्वीस युनिटनंतर दुपारी कुठेतरी खळगा पडायला हवा होता. तो पडतच नव्हता. हे स्ट्रिपने कळलं नसतं का? कळलं असतं, पण दर दोन तासांनी बारा तास टोचायचं म्हणजे सात वेळा कान, आणि रात्रीचं काहीच कळत नाही. सेन्सर दर पंधरा मिनिटांनी एक आकडा ठेवतो, दिवसाचे शहाण्णव. त्या रेघेत रात्री-पहाटेची उतरणही नव्हती. घरात लपून कुणी खायला घालतंय हा संशय तिथेच संपला, कारण खाल्लं असतं तर कुठेतरी उंचवटा दिसला असता. मी फोन आमच्या ह्यांच्या हातात दिला आणि रेघ दाखवली. त्यांनी ती दोनदा वर-खाली सरकवून बघितली आणि चिंगीच्या डोक्यावर हात ठेवला.

नवव्या दिवशी तिने फाटकाच्या खांबाला मान घासली आणि चकती बनियनसकट खाली आली. पाच हजारांच्या आसपासची वस्तू, पाच दिवस आधी गेली. कुत्र्यांमध्ये चौदा दिवस पूर्ण टिकेल असं धरूच नका. आठ-दहा दिवस टिकला तर पैसे वसूल समजा. दुसऱ्या वेळी बनियनच्या आत मायक्रोपोर चिकटपट्टीची चौकट केली, मधे भोक ठेवून, आणि तो बारा दिवस राहिला.

मार्चच्या शेवटी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ट्रेमध्ये काढलेलं सगळं दाखवलं. पिशवीच्या दोन्ही शिंगांची जाडी माझ्या करंगळीपेक्षा जास्त झालेली. पू नव्हता, पण डॉक्टर म्हणाले की याच दिवसांत पिशवीत पू होतो, आणि तसं झालं असतं तर इन्सुलिन आणखीच बोथट झालं असतं. अंडाशय भुईमुगाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, त्यांच्यावर मांसासारख्या गुलाबी रंगाच्या वाटाण्याएवढ्या गाठी, दोन्हीकडे मिळून सात. चिमट्याने एका गाठीला हात लावून ते म्हणाले, "हा कारखाना." प्रोजेस्टेरॉन तिथून येत होतं. मी बराच वेळ त्या गाठींकडे बघत उभी राहिले. सव्वीस युनिट इन्सुलिन एवढ्याशा गोष्टीला हरत होतं.

दुसरा सेन्सर त्याच दिवशी, ती भुलीत असतानाच लावला. मी हा लेख लिहितेय तो त्यानंतरच्या तिसऱ्या रात्रीसाठी.

डॉक्टरांनी बजावलं होतं की प्रोजेस्टेरॉन आता दिवसांत उतरेल, आणि डोस तोच ठेवला तर शुगर पडेल. पहिल्याच दिवशी सव्वीसचे तेरा केले. दुसऱ्या दिवशी रेघ ३०० च्या खाली आली, मला वाटलं छान चाललंय. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठले, सव्वातीन वाजले होते. सवयीने फोन तिच्या मानेला लावला. ६१, आणि बाण खाली. ती शांत झोपली होती, एरवी मी तिला उठवलंही नसतं. झोपेत चकतीवर वजन पडलं की हा सेन्सर खोटा कमी आकडा दाखवतो, हे मला माहीत होतं. म्हणून आधी कानातून रक्त काढलं. रक्तातही ५८. हात थरथरत होते, पण मध ओट्यावर काढून ठेवलेला होता. बोटाने हिरड्यांना चोळला, मग भाताचे चार घास मधात कालवून दिले. पंधरा मिनिटांनी ७४. पावणेचारला ९६. डॉक्टरांना पाच वाजता फोन केला. त्यांनी सकाळचा डोस सात युनिटवर आणला. सेन्सर नसता तर मी सकाळी उठून तिला तेरा युनिट टोचले असते.

पुढचे नऊ दिवस रेघेचा आकारच बदलला. सकाळच्या इन्सुलिननंतर दुपारी एकच्या सुमाराला खळगा, संध्याकाळी हळू चढ, पुन्हा रात्री खळगा. १०० आणि २२० यांच्यामधली ती लाट बघायला मी दुकानातून जेवायच्या सुट्टीत घरी जायची. डोस पाचवर स्थिरावला. पूर्ण बंद होईल अशी मला आशा होती, तसं झालं नाही. त्याचं कारण शोधताना डॉक्टरांनी विचारलं, की आधीच्या हीटनंतर, म्हणजे गेल्या उन्हाळ्यातही, ती जास्त पाणी पीत होती का. पीत होती. मी म्हटलं होतं, ऊन आहे. तेव्हाच काढलं असतं तर बहुधा इन्सुलिन सुटलं असतं. दुसऱ्या फेरीपर्यंत स्वादुपिंड थकलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, मधुमेही कुत्र्यांत तो फार लवकर येतो. हे माझ्या मनातून जात नाही.

सेन्सरच्या उणिवाही सांगते. पहिला दिवस-दीड दिवस आकडा भरवशाचा नसतो. ७० च्या खाली तो चुकण्याची शक्यता जास्त, म्हणून कमी आकडा आला की रक्त काढूनच खात्री करायची, आणि तेही जनावरांसाठीच्या मशीनवर. माणसांचं साधं ग्लुकोमीटर कुत्र्यांमध्ये बहुधा खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवतं, कारण माणसाच्या रक्तात साखरेचा बराच वाटा तांबड्या पेशींत असतो आणि कुत्र्याच्या रक्तात जवळपास सगळी साखर पेशींबाहेरच्या द्रवात. फार बारीक, कातडीखाली चरबी नसलेल्या कुत्र्यांना तार नीट बसत नाही असं डॉक्टर सांगतात. गोंद काढताना कातडी लाल झाली, चार दिवसांनी निवळली. आणि किंमत. वर्षभर कायम लावायची ही वस्तू नाही. पण इन्सुलिन वाढवत चाललोय आणि शुगर ऐकत नाही, किंवा नुकतं ऑपरेशन झालंय, अशा दोन-तीन आठवड्यांसाठी मी डोळे झाकून घ्या म्हणेन. वरचे डोसचे आकडे मात्र चिंगीचे आहेत, तुमच्या कुत्रीला लावू नका.

दुकानातली माझी एक गोष्ट बदलली. कुत्री माजावर येऊ नये म्हणून इंजेक्शन मागायला लोक येतात. त्यात प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं हार्मोन असतं, काम तेच करतं, म्हणजे इन्सुलिनला तोच धक्का देऊ शकतं. आता मी ते काढून देत नाही. आधी कुत्रीचं वय विचारते, पाणी किती पिते ते विचारते, आणि डॉक्टरांकडे पाठवते. कुणी रागावून दुसऱ्या दुकानात जातं. जाऊ दे.

घेणार असाल तर दुकानातूनच फोन उघडून एनएफसी, म्हणजे फोन जवळ नेला की सेन्सर वाचायची सोय, आहे का ते बघा, स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये नसतं, आणि खोकं एकदा फोडलं की परत घेता येत नाही. एक्सपायरी बघा. बनियन सुती घ्या, नायलॉनचा नको. आणि मध ओट्यावर ठेवा, कपाटात नको.